मासूमा अरबी शिकायला येते

मासूमा मुकादम शिकागोहून रियाधला अरबी शिकायला आली तेव्हा तिला अरबी बऱ्यापैकी येत होती. तीच तिची अडचण झाली.

कॉलेजात दोन वर्षं ती पुस्तकातली अरबी शिकली होती. शुद्ध, व्याकरणानं बांधलेली, एकही मात्रा न गळालेली. विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे उभी राहिल्यावर तिनं विमानात घोकलेलं वाक्य म्हटलं. ते मराठीत आणायचं तर असं होईल: "आदरणीय अधिकारी महोदय, मी आपल्या सन्माननीय देशी विद्यार्जनार्थ पदार्पण करीत आहे."

अधिकाऱ्यानं मान वर केली. शेजारच्या खिडकीतल्या सहकाऱ्याला बोलावलं आणि तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. दोघांनी ते मन लावून ऐकलं. मग पहिल्यानं शिक्का मारला आणि इंग्रजीत म्हणाला, "वेलकम."

बाहेर तिचा मामा मोहियुद्दीन उभा होता. गुहागरकडचा माणूस, रियाधमध्ये चष्म्याच्या दुकानात वीस-बावीस वर्षं काढलेला. गाडीत बसताबसता मासूमानं त्याला सगळं सांगितलं.

"दोनदा म्हणायला लावलं?" मामू म्हणाला. "मग आवडलं असणार."

तिला ते कौतुक वाटलं. मामूनं खुलासा केला नाही.

मुलींच्या विद्यापीठात तिला वसतिगृहाची खोली मिळाली होती. वर्गात बाई पुस्तकातली अरबी बोलत, ती तिला पूर्ण समजे. वर्ग सुटला की मुली जे बोलत त्यातलं तिला ओ की ठो कळत नसे. आणि त्या तिच्याशी अरबी बोलतच नसत. अमेरिकन मुलगी सापडली म्हणताना सगळ्यांना इंग्रजीचा सराव करायचा होता. शिकागोत बर्फ किती पडतं, हे पहिल्या आठवड्यात तिनं इतक्या जणींना सांगितलं की तिला स्वतःलाच थंडी वाजायला लागली.

सुट्टीच्या दिवशी ती मामूकडे, बत्हा बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या फ्लॅटवर येई. इस्मत मामी म्हणाली, "बाजारात चल गो माझ्याबरोबर. बाजारात भाषा शिकायला मिळते."

अबायाच्या दुकानात मासूमानं विक्रेत्याला विचारलं, "हे बंधो, या वस्त्राचे मूल्य किती?"

तो विक्रेता ढाक्याचा होता. त्यानं घाबरून मामीकडे पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "आपा, मॅडम क्या बोल रही हैं?"

मासळीवाला केरळचा निघाला, पैसे पाठवायच्या खिडकीतला हैदराबादचा. सगळा बत्हा हिंदीत चालत होता. तीन आठवड्यांनी शिकागोहून फोनवर तिची आई शबनम म्हणाली, "सौदीला जाऊन तुझं हिंदी किती सुधारलं गो." मासूमानं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन मामीला सांगितलं, की तिला परत जायचं आहे.

मामी कोलंबी सोलत होती. तिनं अर्धी कोलंबी मासूमापुढे सरकवली. थोडा वेळ दोघी सोलत राहिल्या. मासूमाचे डोळे भरून आले होते आणि हात वासाचे झाल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हते.

"मला वाटलं होतं मी इथं आले की बोलायलाच लागेन," ती म्हणाली. "इथं कुणाला माझी अरबी नकोच आहे."

"मामूच्या दुकानात जा," मामीनं ओढणीच्या टोकानं तिचे डोळे पुसले. "तिथं एक सौदी मुलगी आली आहे कामाला. तिला हिंदी येत नाही, इंग्रजीही येत नाही."

त्या वर्षी नवा नियम आला होता. घड्याळं, चष्मे, असल्या दुकानांत गल्ल्यावर आता बहुतेक सौदी माणसंच हवीत. म्हणून मामूच्या कफीलनं, म्हणजे दुकानाच्या सौदी मालकानं, नूफ नावाच्या मुलीला नेमलं होतं आणि तिला काम शिकवायचं मामूवर सोपवलं होतं. मामूची अरबी गिऱ्हाइकापुरती होती. हे चांगलं, ते नाही चांगलं, उद्या या, खलास. तेवढ्यावर त्यानं निम्म्या रियाधला चष्मे लावले होते, पण शिकवायला ती पुरत नव्हती.

मासूमा दुकानात गेली तेव्हा दोघं काउंटरच्या दोन टोकांना बसले होते.

"पोरगी बरी आहे," मामू तिला मराठीत म्हणाला. "पण रागीट. सकाळपासून तोंड उघडलं नाही."

मासूमा नूफकडे वळली. "हे भगिनी, माझे मातुल पृच्छा करतात, की आपण कोणत्या कारणास्तव क्रुद्ध आहात?"

नूफचे नकाबातून दिसणारे डोळे मोठे झाले. मग ती हसायला लागली. हसताहसता तिनं काउंटरवर डोकं टेकलं, पुन्हा उचललं, मासूमाकडे पाहिलं आणि पुन्हा टेकलं.

"तू कार्टूनसारखी बोलतेस," ती म्हणाली. हे मात्र तिनं सावकाश सांगितलं, म्हणून मासूमाला कळलं. लहानपणी टीव्हीवर ज्या कार्टूनमध्ये ससे आणि अस्वलं शुद्ध अरबी बोलायची, तशी ही हाडामांसाची मुलगी बोलत होती.

मासूमा उठून मागच्या खोलीत गेली आणि काचा घासायच्या मशीनजवळ बसली. तिचे कान तापले होते. दोन वर्षं तिनं ज्यासाठी रात्रीचा दिवस केला, ते सशाचं निघालं होतं.

थोड्या वेळानं नूफ आत आली. हातात दोन पेले चहा होता. "रागावू नकोस," ती म्हणाली. "आणि मी रागीट नाही. तुझा मामा रागीट आहे. मी आल्यापासून माझ्याशी बोलत नाही."

मासूमानं हे मामूला सांगितलं. मामू बराच वेळ चष्म्याची एक काडी पुसत राहिला. "मी कसा रागीट," तो म्हणाला. "मला वाटलं, ती लहान मुलगी, आपण काय बोलायचं." मग त्यानं काचेचं कपाट उघडलं आणि नूफला खुणेनं जवळ बोलावलं.

त्या दिवसापासून मासूमा वर्ग सुटला की दुकानात येऊ लागली. नूफनं अट घातली, इंग्रजी बंद आणि कार्टूनही बंद. 'आपणांस काय अभिप्रेत आहे' असं विचारायचं नाही, नुसतं 'वेश तबीन' म्हणायचं, काय हवंय. मासूमा म्हणत राही. गिऱ्हाईक बायका हसत, नूफ कौतुकानं तिची ओळख करून देई, "अमेरिकन आहे, पण हिंदी आहे," म्हणजे भारतीय. मग एखादी बाई शिकागोतल्या बर्फाबद्दल विचारी आणि मासूमा अडखळत अरबीत बर्फ पाडी.

एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मामू नमाजाला गेला होता. नूफ फोनवर मालकाशी भराभर बोलत होती आणि मासूमा फ्रेमा लावत बसली होती. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की आपल्याला कळतंय. वाक्य जोडून, शब्द न शोधता, सगळं कळतंय. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली. मग त्या वाक्याचा अर्थ तिच्यापर्यंत पोचला.

"मोहियुद्दीन सुलैच्या गोदामात गेला तर मी इथं एकटी काय करू," नूफ म्हणत होती. "पुढच्या महिन्यात नको. रमजानपर्यंत तरी त्याला इथं ठेवा."

फोन ठेवल्यावर मासूमानं विचारलं, "मामू सुलैला, पार शहराच्या टोकाला जाणार?"

"त्यानं सांगितलं नाही?" नूफ गोंधळली. "मला वाटलं, तुमच्या घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं."

संध्याकाळी मामी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मासूमा दारात घुटमळली. कसं सांगावं, ते तिला कुठल्याच भाषेत सुचेना.

"सुलैचंच ना?" मामीनं मागे न बघता विचारलं.

"मामूनं सांगितलं तुला?"

"तो कसला सांगतोय. गेल्या आठवड्यात मला विचारत होता, सुलैच्या बाजूला फ्लॅट कसे असतात. लग्नाला एवढी वर्षं झाली, घराचं काही त्यानं मला कधी विचारलं नव्हतं."

"मग तू बोलली नाहीस काही?"

"बोलू दे त्यालाच. वेळ शोधतोय बिचारा."

वेळ जेवताना सापडली. मामूनं भाकरी मोडली, घसा साफ केला आणि मासूमाकडे बघत, जणू बातमी तिच्यासाठीच आहे असं, म्हणाला, "मला गोदामाचा मॅनेजर करतायत. सुलैला."

"अरे वा," मामी म्हणाली. "हाताखाली माणसं किती?"

"माणसं नाहीत. फ्रेमांचे खोके असतात."

"एसी?"

"ऑफिसात आहे. गोदामात पंखा आहे."

"म्हणजे पंख्याचे मॅनेजर."

मामू हसला, पण ते हसू लवकर ओसरलं. "तिथं गिऱ्हाईक येणार नाही," तो ताटाकडे बघत म्हणाला. "माणूस चष्मा लावतो, आरशात बघतो, मग आपल्याकडे बघतो. ते तिथं नसणार."

मामीनं सुरमईचा मधला तुकडा आपल्या ताटातून उचलून त्याच्या ताटात ठेवला. "इकामा राहतोय ना? देश सोडायला तर सांगत नाहीत? मग जेव," ती म्हणाली.

मालकानं रमजानपर्यंत थांबवलं नाही. महिना संपला आणि मामू सुलैला जाऊ लागला. पहिल्याच आठवड्यात नूफ दुकानात अडली. एक म्हातारे गृहस्थ नवा चष्मा परत घेऊन आले होते, जिना उतरताना पायरी हलते म्हणत होते. फोनवर मामूची अरबी आणि नूफची घाई यांचा मेळ बसेना. शेवटी नूफनं तो चष्मा पर्समध्ये टाकला, दुपारी दुकान बंद केलं आणि मासूमाला म्हणाली, "यल्ला."

नूफला लायसन्स मिळून फार दिवस झाले नव्हते. ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, खुर्चीत पुढे सरकून गाडी चालवत होती. मामीनं दिलेला डबा मासूमाच्या मांडीवर होता. सुलैत शिरल्यावर सगळ्या भिंती सारख्या, सगळी फाटकं सारखी. एकच टायरचं दुकान दोनदा मागे गेल्यावर नूफनं ट्रकला टेकून उभ्या असलेल्या एका ड्रायव्हरला काच खाली करून पत्ता विचारला. तो पेशावरचा होता. त्यानं हात पसरून, मान हलवून, उर्दूत खेद व्यक्त केला.

मासूमा पुढे वाकली. "भाईसाब, चष्मेवाला गोदाम किधर है?"

त्यानं लगेच सांगितलं. उजवीकडे, मग सिमेंटच्या ढिगाशेजारून आत.

नूफनं गाडी वळवली. "हे माझं शहर आहे," ती थोड्या वेळानं म्हणाली. मासूमा खिडकीबाहेर बघत राहिली. हसू दिसू नये म्हणून.

मामू गोदामाच्या दारात उभा होता. त्यानं आधी डबा बघितला, मग नूफच्या हातातला चष्मा. चष्मा घेऊन त्यानं उजेडात धरला. नूफ बोलायला लागली आणि ती थांबायच्या आत मामूही बोलायला लागला. "हे खाली. माणूस वर. नाही चांगलं. नाक, नाक बघ." चष्मा नाकावर खाली बसतो म्हणून पायरी हलते, असं त्याला सांगायचं होतं, पण व्याकरण कुठंच नव्हतं. मासूमानं भाषांतरासाठी तोंड उघडलं, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. नूफनं चष्मा स्वतःच्या नकाबावर चढवला होता. मामू बोटानं तो वर सरकवून दाखवत होता आणि ती "अच्छा, अच्छा" म्हणत होती. हा शब्द तिनं कुठून उचलला, ते मासूमाला विचारायचं होतं. पण भूक लागली होती. ती एका खोक्यावर बसली आणि तिनं डबा उघडला.