मोझेलकाठचा सत्कार

शहाऐंशीच्या जुलैत जळकोटच्या द्राक्ष संस्थेचे चेअरमन बब्रुवान आबा जर्मनीला द्राक्षबागा बघायला गेले. पावसानं दडी मारली होती, गावच्या विहिरी तेव्हा ठणठणीत कोरड्या होत्या. सोबत संस्थेचा सचिव बलभीम होता, कारण त्याला इंग्रजी येत होतं. तिथल्या यजमानांना येत नव्हतं, हे पोचल्यावर कळलं.

मोझेल नदीच्या काठचं ते जुनं, चिमुकलं गाव. घरं एकमेकांच्या अंगावर कललेली. "गवंडी पिऊन आला हुता काय रं?" आबा म्हणाले. उभ्या कड्यावरच्या वेली बघून तर ते चाटच पडले. "हितं द्राक्षं खुडायला शेळ्याच लावाव्या लागतील."

"शेळ्या खातील की, आबा."

"व्हय, तेवढीच अडचण हाय."

मग नदी दिसली. काठोकाठ भरलेली. यजमान जुन्या वेशीचा इतिहास सांगत होते, आबांचं लक्षच नव्हतं.

"बलभीम, हे पाणी कुणासाठी चाललंय?"

"कुणासाठी न्हाय. असंच चाललंय."

आबांना राहवेना. फेटा, सदरा, घड्याळ बलभीमच्या हातात देऊन त्यांनी धोतराचा काचा मारला आणि घाटावरून विहिरीत मारतात तसा, गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारला. काठावरच्या हॉटेलातली माणसं भिजली. सवयीप्रमाणं आबा दम कोंडून तळाशी बसले. वर आरडाओरडा झाला. आबा वर आले तोवर काठाला बांधलेली अग्निशामक दलाची बोट समोर हजर!

"बघ, मला नावंत मिरवायला आले!" आबा आत बसले आणि दोन्ही काठांना नमस्कार करू लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काठावर उतरताच जवानांनी त्यांच्या अंगावर जाड कांबळं टाकलं. आबांचे डोळे भरून आले.

"शाल आली. आता नारळ कुठाय?"

यजमानांनी ऊब यावी म्हणून ब्रँडीचा पेला पुढं केला. आबांनी तो कपाळाला लावून प्यायला. "तीर्थ लई तिखट हाय." मग घसा खाकरून त्यांनी भाषण ठोकलं, अख्ख्या गावाला जळकोटचं आमंत्रण दिलं. "फकस्त येताना पाणी घेऊन या!"

एका जवानानं हळूच कांबळं ओढलं. आबा चिडले. "सत्काराची शाल वापस मागत्यात व्हय?" जवान बिचारा हसला आणि त्यानं ते सोडून दिलं.

बसमध्ये बसल्यावर बलभीम म्हणाला, "आबा, तुम्ही बुडालात असं वाटलं त्यांना."

"मग टाळ्या कशाच्या?"

"जिवंत निघालात म्हणून."

"निस्तं जिवंत निघालं तरी टाळ्या वाजवत्यात?" आबा म्हणाले. "लई भली माणसं." आणि तिथल्या भर उन्हाळ्यात कांबळं डोक्यावरून घेऊन घोरू लागले.