परड्यातली पांढरी

लकवा झाल्यापासून दादासोची खाट मागच्या परड्यात, दाराला लागून टाकलेली असायची. उजवी बाजू लुळी, जीभ जड. तोंडातून एकच आवाज निघायचा, "आ". पाणी हवं असलं तरी "आ", ऊन अंगावर आलं तरी "आ". फौंड्रीत भट्टीच्या घरघराटावर आवाज चढवून बोलणारा माणूस तो. आता उचगावच्या त्या घरात आठ ते चार एकटाच असायचा. बायको तानूबाई एमआयडीसीतल्या एका कॅन्टीनमध्ये भाकऱ्या थापायला जायची.

सोबतीला परड्यातल्या आठ कोंबड्या. त्यांत काळी म्होरकी. दाणे टाकले की आधी ती टिपणार, मग बाकीच्या. दादासोला सकाळी जे उकडलेलं अंडं मिळायचं ते बहुतेक तिचंच असायचं.

२००२ च्या दिवाळीनंतर तानूबाईची थोरली बहीण आक्का हुपरीहून एक पांढरी कोंबडी घेऊन आली.

"घर पाडून बांधायला काढलंय. हिला ठिवायला जागा न्हाई. तुझ्याकडं आठ हायत, त्यात एक जड हुतीया व्हय?"

तानूबाईनं ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर जाताच काळीनं पांढरीच्या डोक्यात चोच मारली. पांढरी पळाली. बाकीच्या जरा वेळ बघत राहिल्या आणि मग त्याही धावल्या. दाण्यापाशी येऊ देईनात, पाण्यापाशी येऊ देईनात. दिवसभर ती धुण्याच्या दगडामागं मान आत ओढून बसली. चारला तानूबाई आली तेव्हा सगळ्या गुमान माती उकरत होत्या.

"आ! आ!" दादासोनं डाव्या हातानं दगडाकडं दाखवलं.

"काय? कापडं व्हय? काढते की."

पाचव्या दिवशी पांढरीच्या पाठीवरचं रक्त तानूबाईच्या नजरेला पडलं. पिसं उपटून तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. तिनं हळद-तेल लावलं आणि रजा काढून कोंबडी पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेली.

"लाल दिसलं की त्या आणखी टोचतात," डॉक्टर म्हणाला. "जखम भरेपर्यंत वेगळी ठेवा. मग म्होरकीला चार दिवस बाजूला काढा, तिचा तोरा उतरतो. दाणे दोन ठिकाणी टाका. पाल्याची जुडी टांगा, चोचीला काम मिळतं."

तानूबाईनं सगळं केलं. पंधरा दिवस पांढरी चुलीच्या कोपऱ्यात राहिली, जखम भरली. मग काळीला बांबूच्या डालग्याखाली कोंडून तानूबाईनं पांढरीला बाहेर सोडलं. पहिला दिवस बरा गेला. पांढरीनं पोटभर दाणे टिपले. संध्याकाळी दादासोनं भाकरीचा चतकोर जास्त खाल्ला.

तिसऱ्या दिवशी तांबडीनं सुरुवात केली. पाठीवरची तीच कोवळी कातडी.

"आता किती जणींना डालग्याखाली घालू?" तानूबाई वैतागली. "सांगा की! मला कामावर जायला नको?"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. ती त्याच्या पायाशी बसली आणि लुळा पाय चोळू लागली.

काळी सुटली. पांढरीला डालग्याखाली घातलं तर बाकीच्या फटींतून चोची खुपसायच्या. घरात कोंडली तर आता ती एकटी दाण्याला शिवेना. शेवटी मोकळी सोडली. तानूबाईनं दादासोच्या डाव्या हातात काठी दिली, पण ती खाटेपासून चार हातांवरच पोचायची.

मग तो ओरडू लागला. शेजारची धोंडुबाई पहिले काही दिवस धावत आली, कोंबड्या हाकलून गेली. नंतर एकदा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "भावजी, कोंबड्यांची भांडणं ती. सैपाक टाकून किती येळा येऊ?"

एका मंगळवारी अडीचच्या सुमाराला चौघींनी पांढरीला दगडापाशी कोंडीत धरलं. ती ओरडायचीही थांबली. दादासो ओरडला. पलीकडं धोंडुबाईच्या घरात टीव्ही चालू होता. तो पुन्हा ओरडला. मग डावा हात खाटेच्या कडेला रोवून त्यानं अंग रेटलं आणि तो खाली पडला, लुळ्या हातावरच.

कोंबड्या बिचकून उधळल्या. तेवढ्यात पांढरी फरफटत आली आणि त्याच्या बगलेत शिरली. थोड्या वेळानं बाकीच्या परतल्या. त्यानं डाव्या हातानं तिची पाठ झाकली. काळीनं त्याच्या हातावर चोच मारली, मग तांबडीनं. हात काढला तर पांढरीची पाठ उघडी पडणार होती. तो हात त्यानं हलवला नाही.

चारला तानूबाई आली तेव्हा तो तसाच होता. हाताची बोटं रक्तानं भरली होती. तिनं किंकाळी फोडली तशी धोंडुबाई धावत आली. दोघींनी मिळून त्याला खाटेवर घेतलं.

"मला वाटलं, रोजच्यागत वरडत्यात," धोंडुबाई रडवेली झाली.

तानूबाईनं पदरानं त्याची बोटं पुसली. "हिच्यापायी तुमी जाशीला की! मग मी काय करू?" तिनं पांढरीला पायाला धरून उचललं आणि धोंडुबाईच्या हातात दिलं. "ने. काय करायचं ते कर. मला सांगू नगंस."

"आ!" दादासो म्हणाला. "आ! आ!"

"दुखतंय? थांबा, हळद आणते."

धोंडुबाई कोंबडी घेऊन गेली. तो दाराकडं बघत ओरडत राहिला, आणि तानूबाई त्याच्या बोटांवर फुंकर घालत हळद भरत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धोंडुबाई झाकलेलं भगुलं घेऊन आली. "भावजींना रस्सा. अंगात ताकद यील."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ती गेल्यावर तानूबाईनं रश्श्यात भाकरी कुस्करली आणि घास त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं ओठ मिटले. तिनं पुन्हा नेला. त्यानं मान भिंतीकडं वळवली. तिनं भगुल्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. घास तिनं परत ठेवला.

"काल दुखत नव्हतं व्हय?" तिनं हळूच विचारलं. "तिला नेऊ नगा म्हणत हुता?"

त्यानं डोळे मिटून होय म्हणून मान हलवली.

तिनं भगुलं झाकून चुलीमागं सरकवलं. मग दुधात भाकरी भिजवून त्याला भरवली. स्वतः कोरडी भाकरी आणि कांदा घेऊन ती उंबऱ्यावर बसली. अंधारायच्या आत तिनं कोंबड्या खुराड्यात घातल्या. सात आत गेल्या. आठवी, एका डोळ्यानं अधू असलेली कबरी, दाराशी घुटमळत होती. काळी तिला आत येऊ देत नव्हती.