सायलेन्सर आणि अण्णांचं वजन

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसानं एकदम मोठं खोटं बोलायला जाऊ नये. आधी बारीकसारीक बोलून हात बसवावा, मग पुढं जावं. बब्रुवानअण्णांनी हे पथ्य पाळलं नाही. साठ वर्षं पंचक्रोशीत सरळ माणूस म्हणून मिरवले आणि एकसष्टाव्या वर्षी एकच थाप मारली, ती थेट सत्त्याण्णव किलोंची. म्हणून तर त्या दिवशी नळदुर्गला गोरोबाच्या गॅरेजात बाकावर बसल्याबसल्या त्यांच्या हातातला चहा गार होत चालला होता.

समोर त्यांच्या मुलाची, रणधीरची, लाल गाडी जॅकवर चढली होती. दोन दारं, दोनच सीटा, आणि उंची अशी की आत बसायचं म्हणजे शेकोटीला बसल्यासारखं आधी उकिडवं व्हायचं. रणधीरनं ती पुण्याच्या कुणाकडून तरी जुनी घेतली होती आणि तिच्यावर त्याचा फार जीव. तिच्यासाठी त्यानं परदेशातून चकचकीत स्टीलचा सायलेन्सर मागवला होता. दोन महिने वाट बघितल्यावर खोकं घरी आलं, तेव्हा अण्णांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, त्या पायपाला हळदकुंकूही लावलं होतं. घरात नवीन वस्तू आली की त्या थांबत नाहीत. फ्रीजच्या कपाळावर अजून टिळा आहे.

गोरोबा म्हणजे सायलेन्सरमधला वैद्यच. हायवेवरून जाणाऱ्या ट्रकचा नुसता आवाज ऐकून कुठं फुटलाय ते सांगणार. असा माणूस दोन तास गाडीखाली आडवा होता.

"बसंना," खालून आवाज आला.

"बसंना म्हणजे?" रणधीर खाली वाकला. "नट तर लागले की सगळे."

"नट लागून काय उपेग? मागं आडवा दांडा हाय न्हवं, दोन चाकांच्या मधला, त्येला पायप लागतोय. गाडी सुरू केली की ठकठक वाजंल. जॅकवर असताना लागतंच थोडं, चाकं लोंबत असत्यात. खाली सोडली की सुटायला पायजे. पर ही खाली सोडली तरी सुटंना."

"त्यांच्या कागदावर तर लिहिलंय, याच गाडीचा म्हणून."

"मग कागद बसवू का?" गोरोबा म्हणाला.

अण्णांनी चहाचा कप बाकाखाली ठेवला. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय हे त्या गॅरेजात फक्त त्यांना माहीत होतं.

त्याचं असं झालं होतं. त्यांच्या गावापासून नळदुर्ग सात किलोमीटर, आणि तेवढ्यात नऊ स्पीड ब्रेकर. एक शाळेसमोर, एक देवळासमोर, एक माजी सरपंचांच्या दारात आणि उरलेले बाकीच्यांना कमीपणा नको म्हणून. रणधीरचं नळदुर्गला ठिबकच्या नळ्यांचं दुकान. रोज सकाळी तो निघाला की अण्णाही शेजारी बसून निघायचे. गाडीत एकटा रणधीर असला तर ती ब्रेकरवरून कशीबशी निघायची. अण्णा बसले की पोट घासायचं. मग प्रत्येक ब्रेकरला रणधीर गाडी थांबवायचा आणि मोठ्या अदबीनं म्हणायचा, "अण्णा, जरा उतरता का?"

अण्णा उतरायचे. धोतर सावरत ब्रेकर चालत ओलांडायचे आणि पलीकडं पुन्हा उकिडवे होऊन आत शिरायचे. जाताना नऊदा, येताना नऊदा. चौथ्या ब्रेकरजवळ शेंगा विकणारी सिताबाई रोज विचारायची, "अण्णा, आज बी भांडण झालं व्हय?"

दुसरा कुणी असता तर त्यानं सरळ एसटी धरली असती. अण्णांना ते जमत नव्हतं, आणि त्याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रणधीर घरात बोलायचाच नाही. जेवताना मोबाईल, जेवल्यावर मोबाईल, विचारलं तर "हूं". गाडीत मात्र त्याचे दोन्ही हात गुंतलेले असायचे आणि तोंड मोकळं. दुकानातलं सांगायचा, गिऱ्हाइकाच्या नकला करायचा, एकदा तर लग्नाबद्दलसुद्धा बोलायला लागला होता. "अण्णा, खरं सांगू का, मला एक..." एवढं म्हणाला आणि ब्रेकर आला. अण्णा उतरले, चालले, परत बसले, पण तो विषय काही परत बसला नाही. पुढं काय होतं ते अण्णांना आजतागायत कळलेलं नव्हतं. त्या दिवशी ते त्या ब्रेकरवर जितके चिडले तितके आयुष्यात कुणावर चिडले नव्हते.

मग रणधीर मित्राच्या लग्नाला तीन दिवस हैदराबादला गेला, बसनं. अण्णांनी जळकोटहून शरणबसप्पाला बोलावून घेतलं. तो ट्रकचे कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगा, बसवणारा, हाताचा पक्का आणि तोंडाचा त्याहून पक्का. त्यानं लाल गाडीच्या चारी स्प्रिंगांत जाड रबरी बफर घालून तिला दोन-तीन बोटं वर उचललं. अण्णांनी त्याला येडाई देवीची शपथ घातली आणि बफर दिसू नयेत म्हणून त्यांवर स्वतःच्या हातानं चिखल फासला.

रणधीर आला, अण्णांना घेऊन निघाला, आणि पहिल्याच ब्रेकरवर गाडी अण्णांसकट अलगद पार झाली. तो चकित झाला. "अण्णा! तुमचं वजन उतरलं की हो!"

तिथंच खरं सांगून टाकायचं होतं. पण अण्णा म्हणाले, "व्हय. जरा कमी केलंय जेवण."

झालं. ही बातमी सत्यभामाबाईंच्या कानावर गेली. नवऱ्याचं वजन उतरतंय म्हटल्यावर त्यांनी ते आणखी उतरवायचा चंगच बांधला. सकाळी दुधी भोपळ्याचा रस, रात्री एकच भाकरी. अण्णा तो रस नाक दाबून प्यायचे आणि नळदुर्गला हायवेवरच्या ढाब्यावर भज्यांची ताटली संपवून भरपाई करायचे. वजन होतं तिथंच राहिलं. उलट थोडं चढलंच असेल. पण दीड महिना सातही किलोमीटर गप्पा झाल्या होत्या, आणि त्यासाठी अण्णा भोपळ्याचा मळाच्या मळा प्यायला तयार होते.

आणि आता हा पायप.

"अण्णा, जरा गाडीत बसा बरं," गोरोबानं गाडी जॅकवरून खाली सोडून हाक मारली.

"मी? कशाला?"

"वजन पायजे. बघू दे भार पडल्यावर काय हुतंय."

अण्णा उठले. जाऊन बसले. गाडी मागून खाली दबली. गोरोबानं जमिनीला गाल लावून खालून बघितलं आणि ओरडला, "सुटलं की!"

"सुटलं?" रणधीर उड्या मारायचाच बाकी.

"उतरा अण्णा."

अण्णा उतरले.

"लागलं. बसा."

बसले.

"सुटलं. उतरा."

असं चार वेळा झालं. शेजारच्या पंक्चरवाल्यानं काम सोडलं आणि बघायला येऊन उभा राहिला. ज्या वजनानं अण्णांना गावभर पायी चालवलं त्याच वजनाची आज जाहीर मागणी होत होती, आणि अण्णांना मात्र त्यात काडीचा आनंद वाटत नव्हता.

"लई मोठ्ठं वजन लागतंय," गोरोबा कपड्यानं हात पुसत म्हणाला. "अण्णा नव्वदच्या वर असतील न्हवं?"

"छे हो," रणधीर म्हणाला. "अण्णांचं वजन किती उतरलंय आता. आईला विचारा."

गोरोबानं अण्णांकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. तीस वर्षं पत्र्याची आणि पायपांची मापं नजरेनं घेतलेला माणूस तो. नुसतं "असंल" म्हणाला. चोराच्या मनात चांदणं. अण्णांना ते एक "असंल" पोलीस चौकीसारखं वाटलं.

"मग आता? अण्णांना कायम गाडीत बसवून ठेवायचं का?" रणधीर म्हणाला.

"एकच विलाज हाय. दांड्याखाली पायप कापायचा, वाकडा तुकडा घालायचा आन् परत वेल्डिंग मारायचं. वाजायचा न्हाय. पर आवाज बिघडंल, आन् एकदा कापला की ह्यो पायप परत धाडता येत न्हाय."

रणधीरनं खाली वाकून त्या पायपावरचं ग्रीस बाहीनं पुसलं. दोन महिने तो रोज मोबाईलवर या पायपाचे फोटो बघत होता हे अण्णांनी पाहिलं होतं. मग तो म्हणाला, "कापा."

गोरोबानं पायप काढून चिमट्यात धरला. खडूची रेघ मारली. ग्राइंडर घुमायला लागला. अण्णांच्या डोळ्यांपुढं दोन गोष्टी होत्या: इकडं पोराचा पायप, तिकडं आपली सीट. तोंड उघडलं तर सीट गेली. नाही उघडलं तर पोराच्या हौशीवर चाक फिरलं, आणि तेही आपण फासलेल्या चिखलापायी. ग्राइंडर खडूच्या रेघेपासून चार बोटांवर आला.

"थांब!" अण्णा ओरडले. एवढ्या मोठ्यानं की पंक्चरवाल्याच्या हातातली ट्यूब पडली. "पायप बरोबर हाय. गाडी चूक हाय. म्या उचललीय तिला."

ग्राइंडर बंद झाला.

"काय केलंय?" रणधीरनं विचारलं.

"स्प्रिंगात रबरं घातल्यात. शरणबसप्पाकडनं. तू हैदराबादला गेलता तवा." मग, सांगायचंच तर सगळं सांगावं म्हणून ते पुढं म्हणाले, "आन् वजन हाय तेवढंच हाय. सत्त्याण्णव. भजी खातो म्या."

गोरोबा गाडीखाली सरकला, बोटानं चिखल खरवडला आणि कौतुकानं म्हणाला, "आयला, शरणबसप्पाचं काम! म्या दोन तास पायपाकडंच बघत बसलो."

रणधीरही खाली वाकून बघून आला. त्याच्या कपाळाला काळं लागलं होतं. तो रागावला आहे की हसणार आहे, हे अण्णांना कळेना.

"अण्णा, उतरायला नको वाटतं असं सरळ सांगायचं ना मला."

"सांगितलं असतं," अण्णा म्हणाले, "तर तू मला न्यायचंच बंद केलं असतंस."

रणधीर गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला. पंक्चरवाला, समजूतदार माणूस, ट्यूब उचलून आपल्या दुकानात गेला.

"आता कसं करू सांगा," गोरोबा म्हणाला. "रबर ठिवलं तर ह्यो पायप न्हाय. पायप लावला तर रबर न्हाय. दोनी एका गाडीत नांदायचे न्हाईत."

"रबर काढा," रणधीर म्हणाला.

अण्णांनी मान हलवली. पोराचंही बरोबर होतं. गाडी त्याची, हौस त्याची. उद्यापासून एसटी, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. सिताबाईला एकदाचं उत्तर तरी मिळेल.

दुपार कलायच्या आत बफर निघाले आणि पायप चढला. दांडा आणि पायप यांच्यात बोटभर जागा, कुठं लागणं नाही की वाजणं नाही. रणधीरनं गाडी सुरू केली तेव्हा असा भरदार घुमारा निघाला की गोरोबासारख्या माणसानंही डोळे मिटून ऐकला. "पोलिसासमोर जरा बेतानं," एवढंच त्यानं बजावलं.

नळदुर्ग सोडलं आणि परतीचा पहिला ब्रेकर आला. सांगायची वेळ येऊ नये म्हणून अण्णांनी आधीच दाराच्या खिटीला हात घातला. पण गाडी थांबली आणि रणधीरच उतरला. वळसा घालून त्यांच्या खिडकीशी आला.

"सरका तिकडं. तुम्ही चालवा. मी जातो चालत."

"म्या?"

"दोघांपैकी एकानं उतरायचंय ना. दर वेळी तुम्हीच का?"

"आरं, म्या ट्रॅक्टर चालवलाय. फार तर जीप."

"मग? हिला बी चारच चाकं आहेत."

सत्त्याण्णव किलोंचा माणूस गिअरवरून पलीकडच्या सीटवर सरकतो हा प्रकार सांगण्यासारखा नाही, म्हणून सांगत नाही. पण ते सरकले. क्लच दाबला, सोडला. गाडीनं एक हिसका दिला आणि घुमत ब्रेकरवर चढली. उतरताना खालून 'खर्र' असा आवाज आला, नव्या पायपाचाच. अण्णांनी आरशात बघितलं तर रणधीर मागून हात हलवत होता: जाऊ द्या, जाऊ द्या.

पलीकडं तो डावीकडच्या सीटवर येऊन बसला. आता अण्णांनी गाडी हाकायची म्हणजे नांगरट केल्यासारखी, एक डोळा पुढं, एक मागं, आणि हॉर्नवर अंगठा. रणधीरनं दोन्ही हातांनी डॅशबोर्ड गच्च धरला होता, त्यामुळं मोबाईल काढायची सोयच नव्हती. आवाज एवढा की ओरडूनच बोलावं लागत होतं. "अण्णा, म्हैस! अण्णा, गिअर!" मग जरा वेळानं, दुसरा, तिसरा, चौथा ब्रेकर चालून आल्यावर, धापा टाकत, पण ओरडूनच, "अण्णा, मला एक मुलगी आवडते!"

"काय?" अण्णा ओरडले. पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, पण पुन्हा ऐकायचं होतं.

"मुलगी! येरमाळ्याची! हर्षाली नाव आहे! शिक्षिका आहे!"

"बरं! मग!"

मग रणधीरनं सांगायला घेतलं. कुठं भेटली, काय बोलली, तिचा बाप कसा कडक आहे, त्याला विचारायला कोण जाणार. अण्णा मध्येमध्ये "मग" म्हणत होते आणि पुढं बघत होते. गावाचा फाटा आला आणि उजव्या हाताला मागं पडला.

"अण्णा, आपला फाटा गेला!"

"म्हाईत हाय," अण्णा म्हणाले. "तू बोल."