वाढलेले चाळीस ग्रॅम

सकाळी सहापासून पोराला पाण्याचा थेंब द्यायचा नव्हता. चार वर्षांचा जीव, पण दिवसाला पाच-सहा लिटर रिचवायचा, आंघोळीच्या बादलीलाही तोंड लावायचा. आणि प्यायलेलं सगळं तासाभरात लघवीवाटे बाहेर.

डॉक्टरीणबाईंनी आदल्या दिवशी त्याच्या आईला समजावलं होतं. मूत्रपिंडाला ‘पाणी धरून ठेव’ असं सांगणारं हार्मोन मेंदूकडून येतं. ते प्रथिनाच्या जातीचं, पेशीच्या आत त्याला शिरता येत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर त्याला पकडतो, मग आत काम सुरू होतं. पोराच्या अंगात हार्मोनच कमी, की रिसेप्टर पकडत नाही? त्याला सात तास कोरडं ठेवून हार्मोनचं इंजेक्शन द्यायचं. लघवी दाट झाली तर त्याच हार्मोनच्या औषधाने भागेल. पाण्यासारखीच राहिली तर खोट रिसेप्टरमध्ये, आणि ते औषध फुकट.

दर तासाला वजन होत होतं. अकरापर्यंत आकडा उतरत गेला. पोरगं रडून रडून नुसतं ओठ चाटत पडलं होतं. बाराला वजन चाळीस ग्रॅम वाढलं.

नर्सने काटा शून्यावर आणून पुन्हा बघितलं. तेच.

मध्ये नवरा त्याला संडासला घेऊन गेला होता. आता तो खिडकीबाहेर बघत होता, बाही कोपरापर्यंत ओली. तिला कळायचं ते कळलं. इंजेक्शन तासाभरावर आलं होतं. गप्प बसावं, असं तिला खरंच वाटलं. पण चुकीचं उत्तर घरी नेलं तर पोराच्या माथी भलतंच औषध आलं असतं.

“पाणी पाजलंय आम्ही,” ती म्हणाली.

चाचणी रद्द. परवा पुन्हा पहिल्यापासून.

व्हरांड्यात नवरा म्हणाला, “मला नाही बघवत. परवा मी येत नाही.”

“परवा तूच आत बसायचंस. दिवसभर त्याच्यापाशी मी असते, तू नुसता येऊन-जाऊन; म्हणून दया सुचते तुला.”

ठरल्या दिवशी ती बाहेरच्या बाकावर बसली. दाराआडून आधी ‘बाबा, पाणी’ ऐकू आलं, मग ‘आई, पाणी’. ती उठली नाही. इंजेक्शननंतर दोन तासांनी नवरा बाहेर आला.

“तशीच आहे. पाण्यासारखी. रिसेप्टरच.”

“म्हणजे ते औषध नाही.”

“दुसऱ्या गोळ्या आहेत म्हणाल्या डॉक्टरीणबाई. मीठ कमी करायचं. आणि पाणी, मागेल तेव्हा.”

“मग दे ना त्याला.”

“नर्स पाजतायत. चौथा ग्लास.”

तो तिच्या शेजारी टेकला. आत जायला हवं होतं, पण थोडा वेळ दोघांपैकी कुणालाच उठवेना.