घुबडाच्या फोटोतला उंदीर

मी एक उंदीर बोलतोय. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत, खुर्च्यांच्या रांगेवर जो मोठा फोटो लावलाय, त्यातला उंदीर. तुम्ही म्हणाल, त्यात तर घुबड आहे. बरोबर आहे तुमचं, सगळे तेच म्हणतात. सुजलेला गाल हाताने धरून माणसं आत येतात, मान वर करतात आणि दुखणं विसरून म्हणतात, "वा, काय घुबड आहे!" जरा खाली बघा. त्या पसरलेल्या नखांच्या खाली, मातीच्या ढेकळावर, काहीतरी तपकिरी बसलेलं दिसतंय ना? तो मी.

नखं अजून मला लागलेली नाहीत. बोटभर अंतर बाकी आहे. फोटोत ते अंतर तसंच राहिलं, पुढचं सगळं फोटोबाहेर झालं. त्यामुळे मला बोलायला भरपूर सवड आहे.

माझा जन्म पाळीव प्राण्यांच्या दुकानात, मागच्या अंधाऱ्या खोलीत, लाकडाच्या भुशात झाला. आमच्याकडे पांढरे उंदीर वेगळे आणि तपकिरी वेगळे ठेवायचे. पांढऱ्यांना काचेची पेटी, खेळायला चाक, पुढच्या दालनात जागा. लहान मुलं येऊन त्यांच्यापुढे नाकं चिकटवायची. आम्हा तपकिऱ्यांना कुणी विचारत नव्हतं. आमचं गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे डॉक्टर.

थंडी सुरू झाली की डॉक्टर दर सुटीला यायचे. गळ्यात दुर्बीण, खिशाखिशांचं जाकीट, बुटांना वाळकं गवत चिकटलेलं. दुकानदार पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडता पाडता विचारायचा, "डॉक्टर, घरी साप पाळलाय का हो?"

"तसंच समजा."

"मग पांढरे न्या की. ढिगाने पडलेत."

"छे! पांढरे नकोत. ते खोटे दिसतात."

हे ऐकून माझी कॉलर ताठ झाली होती, खोटं कशाला बोलू! जगात आपली किंमत जाणणारा निदान एक तरी माणूस आहे, असं मला वाटलं. माझे भाऊ, बहिणी, शेजारचे काका असे एकेक खोक्यात जात होते आणि मी मनात म्हणत होतो, आपला नंबर कधी लागणार?

एकदा डॉक्टरांबरोबर त्यांची मुलगी आली. दोन वेण्या, समोरचे दोन दात पडलेले. दातांच्या डॉक्टरची मुलगी आणि तोंडात खिंडार, याचं दुकानदाराला फार हसू आलं. खोकं भरून झाल्यावर तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "बाबा, हा मला."

"अगं, पांढरा घे ना."

"हाच. हा माझ्याकडे बघतोय."

मी तिच्याकडे मुळीच बघत नव्हतो, तिच्या हातातल्या बिस्किटाकडे बघत होतो. पण असे गैरसमज माणसाने दूर करू नयेत आणि उंदरानेही करू नयेत.

गाडीत मी तिच्या मांडीवर आणि बाकीचे मागे खोक्यात. ती म्हणाली, "बाबा, बाकीच्यांना तुम्ही माळावर सोडता ना?"

"हो तर. मोकळं सोडतो."

"एकदम मोकळं?"

"एकदम."

तिने मला कानात सांगितलं की तुझी भावंडं मजेत राहणार आहेत. आम्हा दोघांनाही बरं वाटलं.

दवाखाना खाली आणि घर वर. तिच्या खोलीत खिडकीजवळ माझा पिंजरा होता. तिने मला सूर्यफुलाच्या बिया हातातून खायला शिकवल्या आणि मी तिच्या बाहीतून शिरून गळ्याशी बाहेर यायला शिकलो. एकदा पिंजऱ्याचं दार लावताना माझी शेपूट मधे सापडली आणि टोक तुटलं. मी ओरडलो त्याच्या चौपट ती ओरडली. आईने धावत येऊन औषध लावलं. मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही. जखम भरल्यावर तिने आईची नेलपॉलिशची बाटली आणली आणि माझ्या थोट्या शेपटीच्या टोकाला गुलाबी रंग लावला. म्हणाली, "आता तुटल्यासारखी दिसत नाही, नटल्यासारखी दिसते." त्या दिवसापासून माझं नाव गुलाबशेट पडलं. आणि त्या दिवसापासून दार लावताना ती आधी माझी शेपूट आत आहे का बघायची, मग कडी घालायची, मग कडी ओढून बघायची. रोज, न चुकता.

हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

डॉक्टर त्या खोलीत कधी यायचे नाहीत असं नाही. दारात उभे राहून "झोपलीस का गं?" विचारायचे. पण माझ्याकडे त्यांनी कधी निरखून पाहिलं नाही. पिंजऱ्यात काय बघायचं? त्यांना रानटी जनावरं आवडत.

रानटी प्राण्यांच्या फोटोंच्या मोठ्या स्पर्धेत भाग घ्यायचा शेवटचा आठवडा आला. त्या थंडीत माळावर एक घुबड आलं होतं, गवतात राहणारं, उन्हं कलली की शिकारीला निघणारं. डॉक्टरांनी आणि त्यांच्या चष्मेवाल्या मित्राने त्याला पार सवय लावून ठेवली होती. पण मनासारखा फोटो काही मिळत नव्हता. कधी उंदीर गवतात शिरायचा, कधी घुबड पाठ करून झेपावायचं. त्या दुपारी आकाश स्वच्छ होतं, ऊन सोन्यासारखं होतं आणि पाळीव प्राण्यांचं दुकान बंद होतं. डॉक्टर दवाखान्यात येरझाऱ्या घालून थकले. मग जिना चढून वर आले.

मुलगी शाळेत होती. आई तिचा गणवेश इस्त्री करत होती.

"अहो, तो पिंजरा कुठे नेताय?"

"पिंजरा नेत नाही, उंदीर नेतोय."

आईने इस्त्री उभी ठेवली. "तिला काय सांगू?"

"पळाला म्हणून सांग. दार उघडं राहिलं असेल."

"ती दार उघडं ठेवत नाही हो."

"लहान आहे. एखाद वेळी राहतंच. नवीन आणून देऊ, त्यात काय!"

 आईने पुन्हा इस्त्री उचलली आणि बाहीची घडी दाबायला लागली. मला तिचा राग येतो, अजूनही येतो. डॉक्टरांचा येतो त्यापेक्षा जास्तच, कारण औषध लावताना तिचा हात किती हलका होता ते मला माहीत होतं.

तर मी माळावर आलो. नजर पोहोचेल तिथवर पिवळं गवत, वाऱ्याने एका अंगाला झुकलेलं, आणि त्याच्यावर एवढं मोठं आकाश. मी आयुष्यात कधी छताबाहेर आलो नव्हतो. चष्मेवाल्याने कात्रीने समोरचं गवत कापून जागा साफ केली. डॉक्टरांनी मातीचं एक ढेकूळ मधोमध ठेवलं, चारदा सरकवलं, डोळे बारीक करून उजेड बघितला. मला वाटलं, आपल्यासाठी घर बांधतायत.

मग डॉक्टरांनी मला ढेकळावर ठेवलं, मागे गेले आणि गाडीचं दार धाडकन लावलं. तीच खूण होती. दार वाजलं की जेवण, हे त्या घुबडाला तोंडपाठ झालं होतं. दूर कुंपणाच्या खांबावरून ते उठलं.

"पळत का नाही हा?" चष्मेवाला कुजबुजला. "जरा दगड मारू का? हालचाल पाहिजे."

"थांब, थांब. बसू दे. मस्त बसलाय."

मी का पळालो नाही, असं तुम्ही विचाराल. कुठे पळू? आजवर माझ्यावर सावली पडली ती त्या मुलीच्या हाताची, आणि हाताची सावली म्हणजे सूर्यफुलाच्या बिया. वरून सावली आली तेव्हा मी मागच्या पायांवर बसलो आणि तोंड वर केलं.

तोच हा फोटो.

फोटो उत्तम आला होता, पण माझ्या शेपटीला गुलाबी ठिपका होता. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर बसून तो पुसला. खाली मातीचा रंग, वर केसांचा रंग, एकेक कण जुळवत पुसला. पुढे खुर्चीत दात भरून घेणाऱ्या मित्राला ते सांगत होते, "अरे, त्या एका ठिपक्याने नाकी नऊ आणले. अख्खी संध्याकाळ खाल्ली." मित्राचं तोंड उघडं होतं, त्यामुळे तो नुसता "आं आं" म्हणाला. ठिपका त्यांनी पुसला खरा, शेपूट मात्र थोटीच ठेवली. माझी शेपूट कधी तुटली हे त्यांच्या गावीच नव्हतं. त्यांना वाटलं, उंदरांच्या शेपट्या अशाच असतात.

पहिलं बक्षीस मिळालं. फोटोखाली 'रानातला एक क्षण' अशी पितळी पट्टी लावून मला इथे टांगलं.

मुलगी शाळेतून आली की आईचं वरचं काम होईपर्यंत इथे बसून अभ्यास करायची. तेव्हा मला कळलं की माझ्यामागे काय झालं होतं. ती पोर दारांना भ्यायला लागली होती. दवाखान्याचं दार कुणी उघडं टाकलं की उठायची, लावायची, ओढून बघायची, बसायची, पुन्हा उठायची. दप्तराचा बंद, पाण्याची बाटली, खिडकी, सगळं दोनदोनदा. खुर्च्यांखाली कोपऱ्यात बिया ठेवायची आणि हळूच म्हणायची, "गुलाबशेट, ये ना परत. मी चुकले. आता नीट लावते." डॉक्टर आतल्या दारातून हे बघायचे आणि पुढच्या पेशंटला हाक मारायचे. मी हिच्या डोक्यावर हातभर अंतरावर होतो हो! गळा असता तर ओरडून भिंत हलवली असती.

मधे एकदा चष्मेवाला बातमी घेऊन आला. कुणीतरी रस्त्याकडेला गाडी थांबवून दार लावलं, घुबड जेवायला म्हणून झेपावलं आणि मागून येणाऱ्या ट्रकखाली गेलं. डॉक्टर हळहळले. मग म्हणाले, "एका अर्थी बरं झालं. आता तसा फोटो दुसऱ्या कुणाला मिळायचा नाही." त्या घुबडाचं मला वाईट वाटलं. आम्हा दोघांनाही माणसाच्या हाताची सवय लागली होती.

मुलीने वर कधी पाहिलं नव्हतं. उंदीर मरतानाचं चित्र तिला बघवत नव्हतं, म्हणून ती कायम माझ्याकडे पाठ करून बसायची. पण एक दिवस गालाला रुमाल बांधलेला एक चिमुरडा खुर्चीवर उभा राहिला आणि त्याने विचारलं, "ताई, याची शेपूट कुणी तोडली?"

ती वळली. खुर्चीवर चढली. नाक काचेला टेकेपर्यंत जवळ आली. तिच्या श्वासाने काच धुरकट झाली, ती तिने बाहीने पुसली. त्याच बाहीतून मी आत शिरायचो.

पेशंट गेल्यावर तिने विचारलं, "बाबा, हा उंदीर कुठला?"

"कुठला म्हणजे? माळावरचा. रानातला."

"रानातल्या उंदराची शेपूट अशी असते?"

"असते एखाद्याची."

ती खुर्चीवरून उतरली नाही. "बाबा, मी दार लावलं होतं ना?"

एवढंच विचारलं तिने. उंदीर का नेला, हे विचारलं नाही. फक्त दाराचं विचारलं. एक 'हो' म्हटलं असतं तर पोर सुटली असती. डॉक्टरांनी गळ्यातला मास्क तोंडावर ओढला आणि म्हणाले, "मला काम आहे, तू वर जा बघू."

दुसऱ्या दिवशी माझ्या काचेवर, बरोबर शेपटीच्या टोकाशी, नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका होता. डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा घेऊन पुसला. परत आला. परत पुसला.  शेवटी डॉक्टरांनी तिला नवा उंदीर आणून दिला. तपकिरीच.

पुन्हा थंडी आली आणि माळावर नवं घुबड उतरलं. सुटीच्या दिवशी डॉक्टर तिच्या नव्या उंदराचं बंद खोकं न उघडताच उचलून जिना उतरले, दुकान बंद होतं की काय कोण जाणे. मुलगी खालीच बसली होती. तिने आपणहून खोक्याचं झाकण उघडून दाखवलं. आतला उंदीर नखशिखांत गुलाबी होता. केकला घालायचा रंग, पाठ, पोट, कान, मिशा, सगळीकडे चोळलेला. कोपरापर्यंत तिचे हातही गुलाबी झाले होते.

"हे काय केलंस?"

"आता पुसा," ती म्हणाली.

डॉक्टर खोक्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तरी हा माणूस तिच्यापुढे खाली बसेल, खरं बोलेल. ते हसले. "हुशार आहेस," म्हणाले आणि खोकं तिच्या हातात देऊन बाहेर पडले. खिडकीतून गाडीचं दार वाजलेलं ऐकू आलं. मुलगी दचकली नाही, मीच दचकलो. दुकान दुपारी उघडलं असणार.

तो गुलाबी उंदीर वर सुखरूप आहे. रंग फिका झाला की ती पुन्हा लावते.

आज सकाळी माझ्या शेजारी खिळा ठोकला. नवा फोटो आलाय, नवं घुबड, खाली नवा उंदीर, पूर्ण शेपटीचा. डॉक्टर स्टुलावर चढले आणि मुलीला म्हणाले, "जरा धर गं खालून." तिने धरला. तिच्या नखांच्या कडांना अजून गुलाबी रंग होता.

"डावीकडून जरा वर. अजून. हां."

"बाबा, याचं नाव काय होतं?"

तोंडात दुसरा खिळा धरून डॉक्टर म्हणाले, "उंदराला कसलं नाव?"

मुलीने फोटो सरळ होईपर्यंत नीट धरला. मग तिने तो ओढून पाहिला, घट्ट बसलाय का ते. पुन्हा एकदा ओढून पाहिला. दात दुखला म्हणून कधी इकडे आलात, तर तिला तेवढं सांगा, दार तू लावलं होतंस.