अंडं धरलं की हात पडतो

बंगळुरातल्या व्हाइटफील्डच्या सोसायटीचा हॉल म्हाताऱ्याकोताऱ्यांनी खच्चून भरला होता. चूर्ण विकणारे बुवा यशोवर्धनजी यांनी खुर्चीतल्या सुलभाच्या मुठीत अंडं ठेवलं, तिचा आडवा पसरलेला हात दोन बोटांनी दाबला. हात झपकन खाली! मग मुठीत 'स्थैर्यचूर्णा'ची पुडी दिली. आता दाबला, तर हात तसूभर हलेना. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

"अंड्यात मृत्यूची लहर, डाळीत आळसाची! माझ्या चूर्णात वनस्पतींचा प्राण! ते पोटात गेलं की स्नायू स्वतः विचारतात, मालक, किती वाढू?"

घ्या! स्नायूंनाही वाचा फुटली.

सर्वांत जोरात टाळ्या पिटत होते सुलभाचे यजमान पद्माकर, सरकारी कारखान्यातले निवृत्त इंजिनियर. दिवाळीपासून त्यांनी बायकोला पेज आणि चूर्णावर ठेवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेली डाळ, अंडं, खुर्चीतून उठण्याबसण्याचा व्यायाम, सगळं बंद. तिच्या मांड्या सुकल्या, उठवायला दोघं लागू लागले. ती रडली की पद्माकर म्हणत, "शुद्धी चाललीय, मोडू नकोस."

त्यांची भाची निवेदिता फिजिओथेरपिस्ट. ती तरातरा पुढे आली.

"मामी, अंडं धर." तिनं दाबलं, हात ढळला नाही. पुडी देऊन दाबलं, हात पडला. "मामा, मी कुठं दाबलं?"

पद्माकरांनी आठवून पाहिलं. अंड्याला कोपराजवळ, पुडीला मनगटावर. बुवाचं नेमकं उलट! लांब पान्यानं नट सहज फिरतो, आखूड पान्यानं घाम फुटतो, हे शिकाऊ पोरांना सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"आणि चूर्ण तपासून आणलंय, निव्वळ तांदळाचं पीठ," निवेदिता म्हणाली. "अंड्यादुधाचं प्रथिन थोड्या मात्रेत काम भागवतं. डाळ-सोयाबीन जरा जास्त खावं लागतं, इतकाच फरक. या वयात काहीही चालेल, पण पुरेसं हवं, आणि अंग हलवायला हवं."

यशोवर्धनजी सुलभाकडे बघून गोड हसले. "हिच्यापासून स्वल्प लांब बसा, अम्मा. हिच्या बोटांतच संशयाची लहर आहे!"

पुन्हा टाळ्या. एकही माणूस जागचा उठला नाही.

"चल घरी," पद्माकर सुलभाला म्हणाले, "घट्ट वरण करतो."

"नको हो," ती घाबरून म्हणाली, "शुद्धी मोडेल."

त्यांनी निवेदिताकडे पाहिलं. "गेलेली ताकद परत येईल ना?"

"थोडी. पण आधी तिनं खायला हवं, मामा."

बाबांनो, डाळ की अंडं हे भांडण सावकाश भांडा. पण कुणी हात दाबायला आला, तर कुठं दाबतोय एवढं तरी बघा. पद्माकरांना ते कळत होतं. पहिल्या रांगेतून दिसतही होतं. आता मामाभाचीनं सुलभाला दोन्हीकडून धरून उठवलं, आणि तिची मूठ पुडीवर घट्ट मिटलेली होती.