सेंद्रियशेठची उरलेली भाजी

पेंटरच्या सासूबाईंना हृदयाचा झटका आला तो तसा सौम्यच होता, पण त्याने घराला जो झटका दिला तो काही सौम्य नव्हता. दवाखान्यातून त्या थेट लेकीकडे राहायला आल्या, आणि लेक पडली नर्स. आई घरी येताच तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली, तळणाची कढई माळ्यावर गेली, बिस्किटांचा डबा शेजाऱ्यांच्या मुलांना देऊन टाकला गेला.

"आता या घरात फक्त फवारणी न केलेली भाजी यायची," तिने जाहीर केलं, "आणि तांदूळ बिनपॉलिशचा."

पेंटर बिचारा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. ज्याचं पोट रंग आणि पॉलिशवर चालतं त्याने घरात बिनपॉलिशचा माल आणायचा, हे त्याला जरा लागलंच. पण नर्सबाईंपुढे बोलण्याची त्याची छाती नव्हती. त्याने मुकाट्याने पिशवी उचलली.

सेंद्रिय मालाचं दुकान दोन वळणं सोडून होतं. काचेचं दार, लाकडी खोकी, वर पिवळे दिवे. मालक होता एक किडकिडीत तरुण. चांगली नोकरी सोडून त्याने हे दुकान थाटलं होतं. गल्लीतले लोक त्याला सेंद्रियशेठ म्हणायचे. पण शेठपण सगळं नावापुरतंच, कारण दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा खोकी जास्त. पेंटरने पालकाची एक जुडी उचलली, भाव विचारला, आणि झोपलेलं तान्हं मूल ठेवावं तशी ती अलगद खाली ठेवली.

"विषमुक्त आहे काका," सेंद्रियशेठ म्हणाला.

"भाव ऐकून मीच विषाची चौकशी करायच्या बेतात आहे," पेंटर पुटपुटला. पण सासूबाईंचा चेहरा आठवून त्याने जुडी घेतली. गाजरं घेतली, टोमॅटो घेतले, तांदूळ घेतला. आठवडा संपायच्या आत महिन्याच्या वाणसामानाचे पैसे उडाले. त्यात पाट्यांची कामं हल्ली कमी झालेली. त्याने बायकोपाशी चाचरत विषय काढला, तर ती म्हणाली, "दवाखान्याचं बिल बघितलंस ना? मग?" म्हणजे विषयच मिटला.

शेवटी पेंटरने स्वतःच एक शक्कल लढवली. साध्या मंडईतून साधा, स्वस्त पालक आणला आणि सेंद्रियशेठच्या खाकी कागदी पिशवीत घालून ओट्यावर ठेवला. बायको ड्युटीवर होती. सासूबाई खुर्ची ओढून भाजी निवडायला बसल्या. त्यांनी एक पान उजेडात धरलं, मग दुसरं धरलं.

"जावईबापू, आजचा पालक फारच देखणा आहे हो."

"हो का? ताजा आहे," पेंटर दाराआडूनच म्हणाला.

"कालच्या पालकाला किड्यांनी जागोजागी चाखून बघितलं होतं. याला एकानेसुद्धा तोंड लावलेलं नाही. जे किड्याला नको, ते मला का घालताय?"

पेंटरचा चेहरा त्याच्या डब्यातल्या तांबड्या रंगासारखा झाला. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण या बाईंशी तो हवापाण्यापलीकडे कधी बोलला नव्हता. आता तर पळायलाही जागा उरली नाही. पण सासूबाई हसत होत्या.

"लेकीला सांगत नाही मी. तिने तुमची सालं काढली असती. पण संध्याकाळी मला त्या दुकानात घेऊन चला. नाहीतरी डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

सासूबाईंनी तीस वर्षं एका मोठ्या कापडदुकानाच्या काउंटरवर काढली होती. गिऱ्हाईक दारातून आत आलं की ते घेणार की नुसतं उलगडायला लावणार, हे त्यांना पायातल्या चपलांवरून कळायचं. अशा बाईला दुकानात न्यायचं म्हणजे घासाघीस होणार आणि आपल्याला तोंड लपवावं लागणार, असं धरून पेंटर चार पावलं मागेच राहिला.

ते पोचले तेव्हा सेंद्रियशेठ दुकान आवरत होता. मलूल झालेला पालक, दोन पाय फुटलेली गाजरं, एका बाजूने मऊ पडलेले टोमॅटो असं सगळं तो एका पोत्यात भरत होता.

"हे कुठे निघालं?" सासूबाईंनी विचारलं.

"मागे खड्डा आहे आजी. त्याचं खत होतं."

"अरे, मग खड्ड्यात कशाला? आमच्या पोटाच्या खळगीत टाक की! आणि फुकट नको. आमच्या दुकानात कापडाचं ठाण संपत आलं की शेवटचा तुकडा निम्म्या भावात जायचा. तुकडा आम्ही कधी पुरला नाही."

सेंद्रियशेठ आधी गोंधळला, मग लाजला. इतके दिवस हे आपल्याला कसं सुचलं नाही, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्याने पोतं उलटं केलं. पेंटर दोन पिशव्या भरून घेऊन आला. निम्म्या पैशांत दुप्पट भाजी!

त्या दिवसापासून संध्याकाळी स्वयंपाकघरात कारखाना सुरू झाला. उरलेली भाजी थांबत नाही. आणल्याआणल्या निवडून शिजवावी लागते. पालकाचं सूप, गाजराचं सूप, दोन्हींचं मिळून एक तिसरंच सूप. पेंटरच्या हाताला सरळ रेषेची सवय, त्यामुळे गाजराचे तुकडे पट्टीने मोजल्यासारखे पडायचे. सासूबाई ते बघून हसायच्या आणि कापडदुकानातले किस्से सांगायच्या. एक नवरदेव स्वतःच्या लग्नाचं कापड पसंत करता करता काउंटरवरच झोपून गेला होता, तो किस्सा पेंटरने त्यांच्याकडून तीनदा सांगून घेतला. नर्स दमून घरी यायची तेव्हा दारातच तिला दोघांचं खिदळणं ऐकू यायचं.

"तुम्हा दोघांना झालंय काय?" ती विचारायची.

"पालकाचा परिणाम," सासूबाई म्हणायच्या.

अशी गोष्ट लपून राहत नाही. पहिल्यांदा खालच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी विचारलं, मग शिंपीणबाईंनी, मग आख्ख्या इमारतीने. पेंटरलाही उत्साह चढला. त्याने एका फळकुटावर झोकदार अक्षरांत पाटी रंगवली, 'उरलंसुरलं, निम्म्या भावात', आणि सेंद्रियशेठच्या दाराला फुकटात लावून दिली. संध्याकाळी दुकानापुढे रांग लागू लागली. सासूबाई रांगेच्या पुढे उभ्या राहून कोणत्या भाजीचं काय करायचं ते लोकांना सांगायच्या. पेंटरला त्यांचा अभिमान वाटायचा.

आणि एका संध्याकाळी सेंद्रियशेठने दारातच रांग थांबवली. त्याचा चेहरा पडला होता.

"आजपासून निम्मा भाव बंद," तो म्हणाला. "माफ करा."

रांगेत कुजबुज झाली. शिंपीणबाई म्हणाल्या, "अहो, पण का?"

"सकाळी दुकानात कुणी फिरकत नाही हो! सगळे संध्याकाळची वाट बघत बसतात. पूर्ण भावाला कुणी घेतच नाही. तुमच्या पाटीने माझं दुकान बुडवलं, पेंटरकाका. असंच चाललं तर मला कुलूप लावावं लागेल."

कुणी नाक मुरडलं, कुणी हळहळलं, आणि रांग पांगली. सासूबाई रिकामी पिशवी घेऊन घरी आल्या. त्यांच्यासमोरचं सूप तसंच गार झालं.

"मी आयुष्यभर दुकानात उभी राहिले जावईबापू, आणि एका गुणी पोराचं दुकान बुडवायला निघाले."

"तुम्ही एकट्या नाही, आई. पाटी माझी होती," पेंटर म्हणाला. त्याला फार वाईट वाटत होतं. दुकानाचं वाटत होतंच, पण या बाईंचं हसू मावळलं याचं जास्त वाटत होतं.

सकाळी तो पक्कड घेऊन पाटी काढायला गेला. तेवढ्यात माल घेऊन टेम्पो आला. सेंद्रियशेठ एकटाच खोकी उतरवत होता, तेव्हा पेंटरने हातातली पक्कड खाली ठेवली आणि हात लावला. एक खोकं, दुसरं, तिसरं. संपेचनात.

"एवढं मागवतोस कशाच्या जोरावर?"

"अंदाजाने. कोण येईल, काय मागेल, आधी काय कळतं?"

"आणि अंदाज चुकला की?"

"चुकतोच रोज. म्हणून तर भाव चढा ठेवावा लागतो काका. तुम्ही जी जुडी विकत घेता, तिच्यात मी फेकलेल्या जुडीचेही पैसे धरलेले असतात."

पेंटर खोकं हातात धरून तसाच उभा राहिला.

"मी असा रंग आणून ठेवला असता तर कधीच भिकेला लागलो असतो," तो म्हणाला. "माझी आधी पाटी ठरते. मग त्या पाटीपुरता डबा मी आणतो."

मग पेंटरने खोकं खाली ठेवलं आणि पाटी काढायची विसरून तो घराकडे सुटला. धापा टाकत त्याने सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना अर्ध्यातच कळलं होतं.

"म्हणजे गिऱ्हाइकाचं माप आदल्या दिवशीच घ्यायचं! मग कापड वाया जायचंच नाही. माझा फोन कुठंय?"

सेंद्रियशेठ जरा कचरत होता. पण आदल्या दिवशी जो भाजी सांगेल त्याला सकाळच्या भावात तिसरा हिस्सा कमी, इतकं त्याने कबूल केलं. सासूबाईंनी फोनची बाजू सांभाळली. दुपारी झोपून उठल्या की चहा घेऊन खिडकीशी बसायच्या आणि एकेका घराला फोन लावायच्या. सुरुवातीला घोळ झालेच. लोक ऐटीत भाजी सांगायचे आणि न्यायला विसरायचे. शिकवणीच्या बाईंचा कोबी दुकानात पडून राहिला, तर सासूबाईंनी त्यांना भर वर्गात फोन केला.

"बाई, तुमचा कोबी इकडे तुमच्या नावाने रडतोय. सांगा, त्याची समजूत कशी घालू?"

मुलं फिदीफिदी हसली. बाई तशाच खडूच्या हातांनी कोबी न्यायला आल्या. परत कुणी विसरलं नाही.

हळूहळू टेम्पोतली खोकी कमी झाली आणि तरी पुरू लागली. मागच्या खड्ड्यात जायला फक्त देठं आणि सालं उरली. फेकणं थांबलं तसा सेंद्रियशेठने डाळी आणि तांदळाचाही भाव उतरवला, आणि मग साध्या मंडईत जाणारी घरंसुद्धा त्याच्याकडे वळली. संध्याकाळची रांग गेली, पण सकाळी काचेचं दार सारखं उघडझाप करू लागलं. पेंटरच्या घरचा खर्च पहिल्यासारखा आवाक्यात आला. नर्सने तर मिठाची बरणी एक फळी खाली आणली. तिच्या दृष्टीने ही फार मोठी सवलत होती.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी सासूबाईंना शाबासकी दिली आणि आता स्वतःच्या घरी राहायला हरकत नाही म्हणाले. सासूबाईंनी पिशवी भरली. सेंद्रियशेठचं धाबं दणाणलं.

"आजी, मग फोन कोण करणार?"

"जावईबापू करतील. आवाज चांगला आहे त्यांचा. वापरत नाहीत, एवढंच."

पेंटरला नाही म्हणायला तोंड नव्हतं. सासूबाई गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने खिडकीशी बसून सगळ्या घरांना फोन केले, मन लावून ऐकून घेतलं, आणि नंतरच्या सकाळी शिंपीणबाईंच्या हातात शिकवणीच्या बाईंचे बीट पडले. शिकवणीच्या बाईंकडे कुणीच न मागितलेला एक भला थोरला भोपळा गेला. दुकानात दोघी पेंटरवर तुटून पडल्या. सेंद्रियशेठ खोक्यांमागे लपून हसत होता.

पेंटरने तिथूनच सासूबाईंना फोन लावला.

"आई, भोपळा कुणाचा होता?"

पलीकडे त्या अशा हसत सुटल्या, की पेंटरला फोन कानापासून लांब धरावा लागला. शिंपीणबाईंनी आणि शिकवणीच्या बाईंनी भांडण थांबवलं आणि फोनभोवती गोळा होऊन त्याही ऐकू लागल्या.

"कुणाचा नसेल तर भोपळा माझाच हो," सासूबाई म्हणाल्या. "रविवारी सूप करायला येणार आहे मी. तेवढी गाजरं तुमच्या हातची चिरून ठेवा."